उपवास करूनही वजन वाढतंय: उपवासाच्या दिवशी नक्की काय आणि किती खावं?

दवबिंदू
नमस्कार. चातुर्मासात सगळे सोमवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्या धरल्या तर महिन्याला सात-आठ उपवास होतात. वय ४८, उंची १५४ सेंमी, वजन ६९ किलो. उपवासाचं म्हणजे हलकं, त्याने वजन उतरतं, असंच घरोघरी सांगतात. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी काटा पाऊण किलो कमी दाखवतो, पण महिनाअखेरीस वजन वाढलेलं असतं. उपवास सोडायचे नाहीत. खिचडी बंद करावी का? फक्त फळांवर राहावं का? प्रमाणासकट सांगितलंत तर फार बरं होईल.

वरणफळ
आधी खिचडीच वजनकाट्यावर ठेवू, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. एका माणसाची घरगुती बशी:

कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम: २६० कॅलरी
दाण्याचं कूट ३० ग्रॅम: १७०
तूप २० ग्रॅम (चहाचे चार चमचे): १८०
बटाटा ६० ग्रॅम: ४५
साखर एक चमचा: २०

बेरीज ६७५, प्रथिनं जेमतेम आठ ग्रॅम, आणि तीही जवळपास सगळी दाण्यांची. रोजच्या जेवणात दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि काकडी घेतली, तर साडेचारशेच्या आसपास कॅलरी आणि चौदा-पंधरा ग्रॅम प्रथिनं होतात. म्हणजे उपवासाची एक बशी जेवणापेक्षा जड आणि भूक लवकर लागणारी. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदातून काढलेला नुसता स्टार्च आहे. तो पचायला सोपा, म्हणून 'हलका'. पचायला हलकं आणि कॅलरीला हलकं यांत आपण गल्लत करतो.

आता दिवस पूर्ण करा. चारला बटाट्याचा तळलेला चिवडा, रात्री वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. नेहमीपेक्षा ५०० कॅलरी सहज जास्त जातात. महिन्यात सात उपवास म्हणजे ३५००. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे जवळजवळ अर्धा किलोची भर. हा ढोबळ हिशेब आहे, पण काटा वर का सरकतो ते कळायला पुरेसा आहे.

काट्यावरचा पाऊण किलो चरबीचा नाही. त्या दिवशी पोळी-भाजीचा चोथा पोटात कमी जातो, म्हणून आतड्यातलं वजन घटतं. काहीच न खाल्लेल्या कडक उपवासात यकृतातला साठवलेला ग्लायकोजेनही वापरला जातो, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी जातं. जेवण सुरू झालं की सगळं परत येतं. वजन आठवड्यातून एकदाच करा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी नको. त्याबरोबर कंबर मोजा. बायकांसाठी ८० सेंमीच्या आत हवी.

पाटावरवंटा
खिचडी बंद करायची काही गरज नाही. तूप कमी केलं की खिचडीचा गोळा होतो, म्हणून सगळे परत चार चमच्यांवर येतात. पण तो गोळा तूप कमी झाल्याने होत नाही, भिजवण्यात चूक झाल्याने होतो.

साबुदाणा दोन-तीन पाण्यांनी धुवा, पांढरं पाणी जाईपर्यंत. वरची ती पिठीच चिकटते. मग पाणी साबुदाण्याच्या जेमतेम वर येईल एवढंच ठेवा आणि चार-पाच तास झाकून ठेवा. दाणा बोटाने सहज चेपला पाहिजे, आत टणक कणी लागता कामा नये, आणि भांड्याच्या तळाशी पाणी उरता कामा नये. उरलंच तर चाळणीवर अर्धा तास निथळू द्या. कूट, मीठ आणि जिरं साबुदाण्याला कढईत टाकण्याआधीच हाताने चोळून लावा. कुटाचा थर बसला की दाणे एकमेकांना धरत नाहीत.

एका माणसाला साबुदाणा ४० ग्रॅम, कूट २० ग्रॅम, तूप एकच चमचा. बटाट्याऐवजी १०० ग्रॅम लाल भोपळा किसून आधी परता, त्याचं पाणी आटू द्या, मग साबुदाणा घाला. मंद आच, झाकण दोन-तीन मिनिटं. दाणा पारदर्शक झाला की लगेच उतरवा, पुढे तो चिवट होतो. ही बशी सव्वातीनशे कॅलरींची. सोबत १५० ग्रॅम दही किंवा दह्यातली काकडी घ्या. पोट भरतं आणि प्रथिनं अकराच्या घरात जातात.

साबुदाणा वडे मात्र वर्षातून दोन-तीनदाच. तळणात तेल किती शोषलं जाईल यावर ताबा राहत नाही. मिश्रण ओलं किंवा तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वडा आणखी पितो.

निळावंती
फक्त फळं, हे मला पटत नाही. दिवसभर केळी, चिकू, खजूर आणि रात्री मसाला दूध, यात साखर भरपूर आणि प्रथिनं फारशी नाहीत. सफरचंद, पेरू, पपई, डाळिंब यांपैकी एकावेळी १५०-२०० ग्रॅम पुरे. रस तर काढूच नका. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि चोथा टाकून दिला जातो.

गुळाची चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू 'पौष्टिक' म्हणून मोजलेच जात नाहीत. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, तर गुळात ३८० च्या आसपास. वजनाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

सैंधव मीठही सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाबासाठी ते साध्या मिठाएवढंच मोजा, दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम. शिवाय त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं, म्हणून रोजच्या स्वयंपाकात तेवढंच वापरू नये.

तांबडामाठ
साबुदाण्यापेक्षा राजगिऱ्याकडे वळा. १०० ग्रॅम राजगिऱ्यात १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात. थालीपिठाचं प्रमाण: राजगिरा पीठ ५० ग्रॅम, उकडलेला बटाटा ५० ग्रॅम, कूट १० ग्रॅम, जिरं, मिरची, मीठ. राजगिऱ्यात ग्लुटेन नाही, त्यामुळे नुसतं पीठ थापलं तर तुटतं. बटाटा बांधून ठेवतो. बटाट्याच्याच ओलाव्यात मळा, पाणी शेवटी चमचा-चमचा. ओल्या रुमालावर थापून तव्यावर उलटवा, मधे भोक, एक चमचा तूप, झाकण. सव्वातीनशेच्या आत आणि प्रथिनं दहा ग्रॅम.

वरी ५० ग्रॅम कोरडी पुरते, कारण ती शिजून खूप फुगते. गडबड आमटीत होते. एका वाटीत ३० ग्रॅम दाणे आणि वर तुपाची फोडणी, झाल्या अडीचशे कॅलरी. दाणे १५ ग्रॅम घ्या, ताकात वाटा, आमसूल आणि जिरं घाला. पातळ पण चवीला छान होते.

गुळवेल
सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. मधुमेह असेल आणि इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर उपवासाआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. गोळी घेतली आणि पोटात काही नाही, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड जाणवली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी परत तपासा. देवाधर्माचा विचार करत थांबू नका. उलट खिचडीने साखर झपाट्याने चढते, तेव्हा जेवल्यावर दोन तासांनीही एकदा तपासा.

दवबिंदू
इतकं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं. मधुमेह नाही. राजगिरा आणि छोटी खिचडी दोन्ही करते. एकच विचारायचं आहे. द्वादशीला पारण्याला काय? तेव्हा पुरणपोळी, भजी, सगळंच होतं.

वरणफळ
पारण्याला पहिल्यांदा ताटात वाटीभर वरण, भाजी आणि कोशिंबीर घ्या. अर्धं ताट संपल्यावर एक पुरणपोळी, त्यावर तूप एक चमचा. पुरणपोळी वाढली की त्या जेवणात भात आणि साधी पोळी नको. भज्यांऐवजी अळूचं फदफदं करा, सणालाही शोभतं. आदल्या रात्री ताक आणि एखादं फळ घेऊन झोपलात तर सकाळी ताटावर तुटून पडायची वेळ येत नाही.