ऑपरेशनच्या आदल्या रात्रीच्या सिस्टर: तुमचे अनुभव लिहा

मांजराकाठ:
शेजारच्या काकूंना पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी लातूरला सोडून आलो अन् आईचं आठवलं. अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ सरकारी दवाखान्यात, गर्भपिशवीचं ऑपरेशन. आईला चिरफाडीचं भ्याव नव्हतंच, भ्याव होतं ते गळ्यातली पोत, म्हणजे मंगळसूत्र, काढायचं. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणल्या, "माय, आत करंटवरचं मशीन असतं, धातूनं चटका बसू शकतो. पोत मालकाजवळ देऊ. पण खिशात नाही, गळ्यात घालून बसायचं त्यांनी." आई हसली. मग त्यांनी ओळीनं सांगितलं: आत लई गार असतं, पाठीत सुई टोचतील, पाय जड होतील, हात लावलेला कळंल पण दुखणार नाही. अण्णा खरंच पोत घालून बाकड्यावर बसले होते!!

सीताफळ_बीड:
अण्णांचा फोटो आहे का 😂

नाना_जिंतूर:
आमचं उलटं. खाजगी दवाखाना, नाव घेत नाही. "सही करा." कशाची? "सगळेच करतात." वडलांचा बीपी असा वाढला की ऑपरेशन पुढं ढकललं. नुसतं "भिऊ नका" म्हणून कुणाचं भ्याव जातंय का?

पांढरा_ड्रेस:
मी स्टाफ नर्स, ड्युटीवरून लिहितेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. कारण सांगितलं की माणूस ऐकतो. सहा तास खायचं नाही, कारण भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. नेलपॉलिश काढा, नाहीतर बोटाला लावलेल्या चिमट्याला ऑक्सिजन नीट कळत नाही. लेकरांना मास्क आधी खेळायलाच देतो. अन् मिसरीचं एकटीला गाठून विचारावं लागतं, सुनेसमोर कोण सांगतंय! बेल वाजली, येते.

सीताफळ_बीड:
आत्याबाईंना "उद्या उपाशी राहा" एवढंच सांगितलेलं. त्यांनी सकाळी भगर अन् शेंगदाण्याची आमटी खाल्ली. "उपासच तर आहे की!" ऑपरेशन दुसऱ्या दिवशी.

पांढरा_ड्रेस:
म्हणूनच मी "साबुदाणासुद्धा नाही" असं म्हणते 😄

औसा_रोड:
मांजराकाठ, काकूंजवळ कोण आहे? डबा लागला तर मेसेज करा, घर जवळच आहे. तेलकट नाही करत.

मांजराकाठ:
ताई, लई उपकार. त्यांची लेक आहे, तिला नंबर देतो.

नाना_जिंतूर:
लातूरकडं पाऊस हाय का? इकडं सोयाबीन माना टाकायलंय.