सरकारी पाळणाघर कुठे चालू आहे का? निम्मा पगार डे-केअरलाच जातोय

ओवीची_आई
नमस्कार मंडळी, भोसरीच्या बाजूला कुणाला सरकारी किंवा अनुदानावर चालणारं पाळणाघर माहितीये का? मुलगी १४ महिन्यांची आहे. मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघते, पगार १९ हजार, मिस्टर चाकणला, त्यांची शिफ्ट ड्युटी. सासूबाई होत्या तोवर काळजी नव्हती, पण आता त्यांचे गुडघे चालत नाहीत म्हणून त्या गावी गेल्या. घराजवळचं डे-केअर साडेआठ हजार सांगतंय, उशीर झाला की तासाचे पैसे वेगळे. रिक्षा-बिक्षा धरून माझ्या हातात सात-आठ हजार उरतात आणि घरचे म्हणतात मग कशाला एवढी दगदग, सोड नोकरी. मला नाही सोडायची.

मागच्या आठवड्यात गल्लीतल्या अंगणवाडीत विचारायला गेले होते, ताई छान बोलल्या पण तीन वर्षांच्या वरच्यांनाच बसवतात आणि दुपारी बंद. त्या कुलूप लावत होत्या तेव्हा आत डोकावलं, भिंतीवर फळं रंगवलेली, सतरंजी गुंडाळून ठेवलेली, कोपऱ्यात वजनकाटा, सगळं झाडून पुसून लख्ख. आणि ही खोली उद्या सकाळपर्यंत रिकामी. तेव्हापासून ते काही डोक्यातून जात नाहीये.

गणेश_आकुर्डी
ताई, आधी कायद्याचं सांगतो. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली तेव्हापासून ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे मालकाला पाळणाघराची सोय द्यावी लागते, आणि ५० म्हणजे बायका-पुरुष सगळे धरून, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. पण आपल्याकडचे बरेचसे वर्कशॉप १०-१५ माणसांचे, तिथे हा कायदा लागूच होत नाही. घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायकांना तर मालकच नाही, मग त्या कुणाच्या दारात जाणार? म्हणून मला वाटतं हे काम सरकारच्या पैशानेच व्हायला पाहिजे.

सदाशिवराव
मुलं आपली, जबाबदारी आपली असं माझं सरळ मत आहे. आमच्या आईने तिघांना वाढवलं, कुणाकडे अनुदान मागितलं नाही. ज्यांना मुलंच नाहीत त्यांच्या टॅक्समधून दुसऱ्याच्या मुलाचं पाळणाघर का चालवायचं? ओवीच्या आईला वाईट वाटावं म्हणून बोलत नाहीये, पण हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

अंगणवाडी_ताई
काका, मी २१ वर्षं सेविका आहे म्हणून सांगते, राग मानू नका. माझ्या अंगणवाडीच्या दाराशी एक नऊ वर्षांची मुलगी यायची, कडेवर आठ महिन्यांचा भाऊ, आई सकाळी सातला भांड्यांच्या कामाला गेलेली. पोरगी उंबऱ्यात उभी राहून आतली गाणी ऐकायची आणि बाळ रडलं की निघून जायची. शाळेत नाव होतं तिचं, पण बाळाला घेऊन वर्गात कसं बसणार. त्या घरात पाळणाघर नाही याची किंमत त्या पोरीने भरली, आणि अशा पोरी प्रत्येक वस्तीत आहेत.

आता योजनेचं. २००६ पासून राजीव गांधींच्या नावाची पाळणाघर योजना होती, संस्था चालवायच्या, ९० टक्के पैसे केंद्राचे. २०१७ ला केंद्राने आपला वाटा ६० वर आणला, बाकीचा राज्य आणि संस्थेवर टाकला आणि कितीतरी संस्थांनी हात टेकले. फी किती होती माहितीये का, दारिद्र्यरेषेखालच्यांना महिना २० रुपये, १२ हजारांपर्यंत उत्पन्नाला १००, त्याच्यावर २००! पण सांभाळणाऱ्या बाईला मानधन ३००० आणि मदतनीसला १५००, एवढ्यात २५ लेकरं दिवसभर बघायची. २०२२ पासून तीच योजना केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्ती योजनेत 'पाळणा' नावाने आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षं.

ओवीची आई, खोली रिकामी दिसते हे खरं, पण कुलूप लावून आम्ही घरी झोपायला जात नाही हो. गृहभेटी, रजिस्टरं, पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती भरणं, निवडणुकीची कामं. डिसेंबर २०२३ ला आम्ही मानधनासाठी संपावर गेलो तो जानेवारी संपत आला तेव्हा मिटला. तेव्हा संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा म्हणताना दुसरी बाई आणि तिचा धड पगार हेही मागा, नाहीतर सगळं आमच्याच डोक्यावर येणार.

टोरांटोची_मेघा
इकडचा, कॅनडाचा अनुभव लिहिते. क्यूबेक प्रांताने १९९७ मध्येच दिवसाला ५ डॉलरचं पाळणाघर सुरू केलं, तिथल्या आया पुढे मोठ्या संख्येने कामावर टिकल्या, मग २०२१ ला केंद्र सरकारने सगळ्या देशात फी हळूहळू सरासरी दिवसाला १० डॉलरवर आणायचं ठरवलं. आमच्या ओंटारिओ प्रांतात २०२५ च्या जानेवारीपासून योजनेतल्या पाळणाघरांना दिवसाला २२ डॉलरच्या वर घेता येत नाही, मोठ्याच्या वेळी आम्ही याच्या तिपटीच्या जवळ भरत होतो. फी उतरली पण जागा मिळेना, धाकटीचं नाव मी पाचव्या महिन्यात पोटात असताना लावलं तरी ती दीड वर्षाची झाल्यावर नंबर आला, कारण शिकवणाऱ्या बायका कमी पगाराला कंटाळून सोडून जातात. अंगणवाडी ताईंचं म्हणणं इकडेही तसंच्या तसं लागू आहे.
सदाशिवराव, ज्यांना मुलं नाहीत तेही शाळांसाठी टॅक्स भरतातच की. सहाव्या वर्षापासून मूल समाजाचं आणि त्याआधी फक्त आईचं, हे मला पटत नाही.

सदाशिवराव
शाळेचा मुद्दा मान्य. आणि त्या नऊ वर्षांच्या मुलीचं वाचून मलाही राहवलं नाही. पण पैसे खाल्ले जाऊ नयेत यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं एवढं मात्र म्हणेन.

ओवीची_आई
सगळ्यांचे खूप आभार. ताई, तुमचं वाचून मला वाईट वाटलं, मी नुसतं कुलूप बघितलं होतं. काल बालविकास प्रकल्प कार्यालयात कुणाला भेटायचं ते विचारून आले. आमच्या चाळीतल्या आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या मिळून ११ जणींची लहान मुलं आहेत, त्यात चौघी घरकामाच्या, त्यांची नावं आणि मुलांची वयं वहीत लिहून घेतलीत. अर्जात दोन गोष्टी लिहितेय, पाळणाघर संध्याकाळी साडेसहापर्यंत आणि त्यासाठी वेगळी सेविका, वेगळी मदतनीस. सोमवारी हाफ डे टाकून सगळ्या जाणार आहोत. कुणी असा अर्ज आधी केला असेल तर मजकूर टाका प्लीज, रविवारी रात्री बसून लिहायचाय.