मदत हवी आहे: कुत्रा चावण्यावरच्या सर्व्हेसाठी

नमस्कार मंडळी, मी इंदूरचीच, बीएस्सी शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला विषय घेतलाय की कुत्रा चावला तर काय करायचं हे शाळेतल्या पोरांना माहितीये का, म्हणजे जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, त्यात काही भरायचं नाही आणि उशीर न करता लस सुरू करायची. आमच्या रामबागेत काही आज्या अजून तिखट भरा म्हणतात, म्हणून घरच्यांनाही विचारणारे.

अडलंय परवानगीत. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) 2017 च्या गाइडलाइनमध्ये आईवडिलांची संमती तर आहेच, शिवाय 7 ते 12 वर्षांच्या मुलांचा तोंडी होकार आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी. पण फॉर्म एवढा लांबलाय की पालक बघूनच घाबरतात, कोर्टाचा कागद वाटतो बहुतेक!

कुणी शाळेत असा सर्व्हे केलाय का? सोपा, छोटा नमुना असेल तर प्लीज पाठवा. ज्यांना खरंच चावलंय त्या मुलांना विचारायचं का टाळायचं, तेही सांगा. आणि महूच्या व्हेटर्नरी कॉलेजचं कुणी असेल तर पाळीव कुत्र्यांच्या लसीचे माझे चार प्रश्न तपासून द्याल का? सुदामानगर, लोकमान्यनगरकडे शिकवणाऱ्या ताई-दादांनी पण मेसेज करा, परीक्षेआधी उरकायचंय.