वळीव घरावर येणार की वाटेतच विरणार, हे अर्धा-पाऊण तास आधी कसं ओळखावं?

गच्ची_हडपसर

ठिकाण हडपसर, पुणे. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन-अडीचला सासवडच्या बाजूला ढग उठतात, चारपर्यंत माथा पसरतो, गडगडाटही ऐकू येतो. पुढे तीनपैकी काहीही होतं: धो धो पाऊस, नुसता वारा नि धूळ, किंवा ढग जागीच विरतो. मुंबई रडारवरचा लाल ठिपका दोन चित्रांत किती सरकला ते मोजून पोचायची वेळ काढली, तर ती बहुतेकदा चुकते. नेमकं काय बघावं? घरी सेन्सर लावायचा तर कोणता? आकाशातली वीज ओळखणारा एएस३९३५ सेन्सर भरवशाचा आहे का?

ढगमाथा

ठिपका सरकवायची पद्धतच वळवाला लागू पडत नाही. वळवाचा एकटा ढग जेमतेम ३० ते ५० मिनिटं जगतो. तुम्ही ज्याची वाट बघता तो वाटेतच संपतो. तुमच्यावर पडतो तो पाऊस त्याच्या पोटातून निघालेल्या गार वाऱ्याने उठवलेल्या नव्या ढगाचा असतो. त्यामुळे "हा ढग कधी पोचेल" यापेक्षा "पुढचा ढग कुठे उठेल" हा प्रश्न धरा.

आधी वरचा वारा बघा. विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर ७०० आणि ५०० हेक्टोपास्कल हवेच्या दाबाच्या (साधारण ३ आणि ५.८ किमी उंची) या दोन पातळ्यांवरचा दुपारचा वारा बघून मधली दिशा धरा. ढग साधारण त्या दिशेने ढकलला जातो. सासवड तुमच्यापासून सरळ रेषेत २० किमीच्या आसपास, पण दक्षिण-आग्नेयेला आहे. वरचा वारा पूर्वेचा असेल तर सासवडचा ढग खेड शिवापूरकडे जाईल, तुमच्याकडे नाही. त्या दिवशी नजर उरुळी कांचन-यवत पट्ट्यावर हवी. सासवडचा ढग हडपसरला यायचा तर वरचा वारा आग्नेय-दक्षिणेचाच लागतो. डोळ्यांना सासवडचा ढग जवळ आणि मोठा दिसतो, म्हणून फसगत होते.

दुसरं, दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान. केवळ आर्द्रतेची टक्केवारी बघू नका, ती दुपारी तापमानाबरोबर घसरतेच. तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ ने गुणा, ढगाचा तळ किती मीटरवर असेल ते कळतं. तापमान ३९ आणि दवबिंदू १३ असेल तर तळ ३,२५० मीटरवर. इतक्या उंचावरून पडणारं पाणी कोरड्या हवेत वाटेतच सुकतं, त्या सुकण्याने हवा गार आणि जड होते आणि दाणकन खाली येते. तुमचा "नुसता वारा नि धूळ" तो हाच. ३७ आणि २० असेल तर तळ २,१२५ मीटरवर, पाऊस जमिनीपर्यंत पोचतो. हडपसरसाठी दवबिंदू १८च्या वर गेला की मी लक्ष देतो, १४च्या खाली पावसाची आशा धरत नाही.

तिसरं, पश्चिमेचा वारा. संध्याकाळी घाट चढून येणारी समुद्राकडची ओलसर हवा पुण्यात शिरते तेव्हा वारा पश्चिमेचा होतो आणि दवबिंदू तासाभरात ४-५ अंशांनी चढू शकतो. पूर्वेकडून ढगाचा गार वारा आणि पश्चिमेकडून ही हवा, यांची गाठ जिथे पडते तिथे नवा ढग उभा राहतो. ही गाठ तुमच्या डोक्यावर पडली तर रडारवर काहीही नसताना अर्ध्या तासात पाऊस सुरू होतो.

सह्यकडा

रडारबद्दल भर घालतो. कुलाबा ते हडपसर सुमारे १२५ किमी. अर्ध्या अंशाने वर रोखलेला किरण पृथ्वीच्या वक्रतेमुळे हडपसरवर समुद्रसपाटीपासून २ किमीवर असतो, आणि त्याची जाडी तिथे २ किमीच्या पुढे गेलेली असते. खालचा भाग सह्याद्री अडवतो. ढगातून निघालेला गार वारा जमिनीलगत किलोमीटरभर जाडीचा असतो, म्हणजे मुंबईच्या रडारला तो दिसणं शक्यच नाही. सोलापूरचं रडार बारामती-इंदापूरकडच्या ढगांसाठी चांगलं, पण हडपसर तिथून २३० किमीवर पडतं आणि किरण ५ किमी उंच गेलेला असतो. शिवाय ते सी-बँडचं, म्हणजे आखूड लहरीचं आहे. मध्ये मोठा पाऊस असला की त्यामागचा ढग खऱ्यापेक्षा फिका दिसतो.

चित्रावरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, साडेपाच तास मिळवा. ०९३० म्हणजे आपले दुपारचे तीन. उघडलेलं चित्र वीस मिनिटं जुनं असू शकतं आणि वळवात वीस मिनिटं म्हणजे अर्धं आयुष्य.

रडारच्या मॅक्स-झेड (प्रत्येक जागेवरची कमाल तीव्रता दाखवणाऱ्या) चित्राच्या वरच्या आणि उजव्या पट्टीत ढगाची उंची दिसते. मे महिन्यात शून्य अंशाची पातळी ५ किमीच्या आसपास असते. ४५ डीबीझेडचा (डीबीझेड म्हणजे रडारला परत आलेल्या प्रतिध्वनीच्या तीव्रतेचं माप) रंग तिच्या दीड किमी वर, म्हणजे साडेसहा किमीपर्यंत गेला असेल तर गारांची शक्यता धरा. एक सावधगिरी: पट्टीत त्या ओळीतली कमाल किंमत असते, एकाच ओळीत दोन ढग असतील तर उंची कोणाची ते कळत नाही.

गच्ची_हडपसर

दवबिंदूचा हिशोब फार उपयोगी आहे, आभार. घरचं यंत्र लावलं तर तो गार वारा पकडता येईल का? माझा बेत बीएमई२८० (तापमान, आर्द्रता, दाब मोजणारा सेन्सर) आणि ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) यांचा आहे.

तारायंत्र

पकडता येईल, पण नोंद दर मिनिटाला हवी. दहा मिनिटांच्या सरासरीत तो वारा हरवतो. खूण अशी: पाच-दहा मिनिटांत दाब १ ते २ हेक्टोपास्कलने वर, तापमान ५ ते १० अंशांनी खाली, वाऱ्याची दिशा एकदम बदललेली. दुपारी दाब उतरतोय म्हणून वादळ येतंय असं मात्र समजू नका. आपल्याकडे सकाळी दहा ते दुपारी चार दाब रोजच ३-४ हेक्टोपास्कल उतरतो, आभाळ निरभ्र असलं तरी.

बीएमई२८० ईएसपी३२च्या डब्यात कोंबू नका, बोर्डाच्या उष्णतेने तापमान जास्त आणि आर्द्रता कमी दाखवतो. वेगळ्या तारेवर, एकावर एक पांढऱ्या तबकड्यांच्या हवेशीर आवरणात, तापलेल्या स्लॅबपासून दीड मीटर वर टांगा. 'फोर्स्ड मोड'मध्ये (सांगितलं तेव्हाच मोजायची रीत) मिनिटाला एकदाच मोजलं की तो स्वतःच्या उष्णतेनेही तापत नाही.

आता एएस३९३५. नीट जुळवला तर उपयोगी, नुसता जोडला तर निरुपयोगी. त्याचा अँटेना ५०० किलोहर्ट्झला जुळलेला हवा, चूक साडेतीन टक्क्यांच्या आत. अँटेनाची वारंवारिता १६ ने भागून सेन्सरच्या आयआरक्यू (इशारा देणाऱ्या) पिनवर काढा आणि मोजा: ३१.२५ किलोहर्ट्झ यायला हवी, ३०.१६ ते ३२.३४ चालेल. नसेल तर आतला कपॅसिटर ० ते १५ पायऱ्यांत (प्रत्येकी ८ पिकोफॅरड) बदलत सर्वांत जवळची पायरी निवडा. बोर्डाबरोबर कागदावर छापून आलेली किंमत असली तरी एकदा स्वतः मोजाच.

मग जागा. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, इन्व्हर्टर आणि ईएसपी३२चं वायफाय हे चारही त्याचे शत्रू. सेन्सर त्यांच्यापासून मीटरभर लांब ठेवा. चाचणी बॅटरीवर करा. बॅटरीवर शांत आणि चार्जरवर बडबड्या असेल तर दोष चार्जरचा. खोलीत असेल तर गेन (संवेदनशीलता) 'इनडोअर' (१८), उघड्यावर 'आउटडोअर' (१४). उघड्यावर इनडोअर गेन ठेवला तर गोंगाटच गोंगाट. आयआरक्यू वर गेल्यावर २ मिलिसेकंद थांबून मगच सेन्सरचं रजिस्टर (नोंदीचा आतला कप्पा) वाचा, घाई केली तर चुकीची किंमत हाती येते. १ म्हणजे गोंगाट, ४ म्हणजे कृत्रिम ठिणगी, ८ म्हणजे वीज. वायफायने माहिती पाठवायची ती वाचन झाल्यानंतर.

अंतराचा आकडा (४० किमीपासून १ किमीपर्यंत, पायऱ्यांत) त्या एका विजेचा नसतो, वादळाच्या जवळच्या कडेचा सांख्यिकी अंदाज असतो. एकाच नोंदीवर विसंबू नका. दहा मिनिटांत पाच-सहा विजा आणि अंतर उतरतं, तरच खरं माना. दिशा तो सांगत नाही. ती विजांची ठिकाणं दाखवणाऱ्या 'दामिनी' अ‍ॅपवरून घ्या, तिथे रंगावरून वीज किती मिनिटांपूर्वीची ते कळतं. रंगांचा क्रम कुठल्या बाजूला सरकतोय ते बघितलं की ढग कुठे नव्याने जोर धरतोय हे रडारच्या आधी दिसतं.

ढगमाथा

दामिनीबद्दल सहमत. आणखी एक साधन म्हणजे मध्यम लहरीचा जुना ट्रान्झिस्टर. कुठलंही केंद्र लागत नाही अशा रिकाम्या जागी काटा लावून ठेवा. अधूनमधून कडकड म्हणजे वादळ लांब, सलग खरखर म्हणजे जवळ किंवा शेजारच्या घरातला दिवा. दामिनीशी ताडून बघा.

सह्यकडा

गच्चीवरून निरीक्षण करणार असाल तर मर्यादा आधीच ठरवा. मेच्या हवेत आवाज सेकंदाला ३५० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वादळ १० किमीच्या आत आहे, खाली या. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं वर जाऊ नका. ढगाचा ऐरणीसारखा माथा डोक्यावर आला असेल तर पाऊस लांब असला तरी वीज तुमच्याकडे पडू शकते. पर्जन्यमापक, वारामापक यांची देखभाल सकाळीच उरका. लोखंडी खांब आणि त्यावरून घरात आलेली तार यांचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, सेन्सर जोडण्याच्या आधी.