प्रतिसाद : ठाण्यातच उतरा की!

वर एका मित्राने विचारलंय, वाशीच्या हॉस्टेलवरून एका दिवसात जुनं शहर बघायचंय, खिशात जेमतेम तीनशे रुपये आहेत, पुणं परवडेल का? अरे, पुण्याला नंतर जा. आधी ठाण्यात उतर. ट्रान्सहार्बर लोकलने थेट येता येतं, तिकीटही किरकोळ. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्याला आली होती.

स्टेशनवरून चालतच मासुंदा तलाव गाठ. काठाजवळच कौपिनेश्वराचं देऊळ आहे. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांब, मग ते भलंमोठं शिवलिंग नीट दिसतं. पायाखालची फरशी भर उन्हाळ्यातही गार लागते.

तिथून मध्यवर्ती कारागृहाच्या बाजूला जा. हा मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला. दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे 1816 मध्ये इथूनच इंग्रजांच्या कैदेतून निसटले. आणि 19 एप्रिल 1910 ला, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिलं. कान्हेरे तेव्हा आपल्यापेक्षाही लहान होते रे, अठरा-एकोणीस वर्षांचे. आत जाता येत नाही, पण त्या तटाशेजारून चालताना मला दर वेळी गलबलून येतं.

जेवायला मामलेदार मिसळ, तिखट सोसत नसेल तर आधीच सांग. संध्याकाळी परत तलावपाळी, म्हणजे मासुंदाचाच काठ. पाणी, टोपी घे आणि शक्यतो रविवार टाळ, फार गर्दी असते.