एडिटरच्या शॉर्टकटची माहिती कशी लिहिलेली हवी? तुमचे अनुभव सांगा

आमच्या गटात एडिटरच्या (मजकूर किंवा कोड लिहायच्या प्रोग्रामच्या) शॉर्टकटचं, म्हणजे झटपट काम करणाऱ्या कळांचं, मराठी माहितीपत्रक करायचं घाटतंय. शाळेच्या लॅबसाठी, बातमीच्या डेस्कसाठी आणि गोव्यात वेर्णे-पर्वरीला कोड लिहिणाऱ्या मुलामुलींसाठी. तयार तक्ते ढिगाने मिळतात: एका रकान्यात कळ, दुसऱ्यात दोन शब्द. ते वाचून माणूस कळ दाबतो, पण नेमकं काय व्हायला हवं होतं ते माहीत नसल्यामुळे काम झालं की फसलं हेच त्याला उमगत नाही. माझ्या मते प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यातच. दाबण्याआधी कर्सर कुठे असावा, दाबल्यावर काय बदलतं, आणि काहीच झालं नाही तर कारण काय असू शकतं. तुम्ही कुठे अडलात, कुठली मदतपानं खरोखर उपयोगी पडली, ते मोकळेपणाने लिहा.

पणजी, वृत्तपत्राचा डेस्क

आमच्याकडे मराठी आणि कोंकणी दोन्ही मजकूर इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कळरचनेवर, टाईप होतो. पत्रकात लिहिलेलं असतं 'कंट्रोल आणि स्लॅश'. पण इनस्क्रिप्ट चालू असताना त्या कळेवर 'य' आहे! काही एडिटर कळेची जागा बघतात, काही तिच्यातून निघणारं अक्षर बघतात, त्यामुळे तोच शॉर्टकट एकीकडे चालतो आणि दुसरीकडे चालत नाही. हे कुठेच लिहिलेलं नसतं. नवीन मुलं कळफलक खराब आहे म्हणून सांगायला येतात.

दुसरं, बॅकस्पेस. 'डावीकडचं एक अक्षर पुसतं' हे वाक्य देवनागरीला पुरत नाही. 'क्षि' घ्या. आपल्या डोळ्यांना ते एक अक्षर, पण संगणकाकडे क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार घटक साठवलेले. बऱ्याच एडिटरांत बॅकस्पेस एकदा दाबला की फक्त वेलांटी जाते आणि 'क्ष' उरतो, पुन्हा दाबला की 'क्' उरतो हलन्तासकट. उलट कर्सर आधी ठेवून डिलीट दाबलं तर अख्खा 'क्षि' एका दमात जातो. मुद्रितशोधन करणाऱ्याला हा फरक सोन्यासारखा आहे: वेलांटी चुकली तर बॅकस्पेस, अक्षरच चुकलं तर डिलीट. पत्रकात याला स्वतंत्र परिच्छेद द्या, कृपा करून.

फर्मागुडी, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

डेस्कवरच्या ताईंचा मुद्दा विम नावाच्या एडिटरात आणखी टोचतो. विममध्ये टाईप करायचा इन्सर्ट मोड वेगळा आणि आज्ञा द्यायचा नॉर्मल मोड वेगळा. नॉर्मल मोडमध्ये अक्षरं हीच आज्ञा असतात. 'डी' दोनदा दाबला की ओळ उडते. इनस्क्रिप्ट चालू राहिलं तर त्याच कळेतून हलन्त निघतो आणि विम ढिम्म. यावर 'लँगमॅप' नावाची सेटिंग आहे. देवनागरी अक्षर आलं तरी नॉर्मल मोडमध्ये त्याला कुठली इंग्रजी कळ समजायची ते तिथे लिहून ठेवता येतं. विमच्या मदतीत हे आहे, पण आधी नाव माहीत असेल त्यालाच सापडतं.

तरी विमच्या मदतीचा एक गुण उचलण्यासारखा आहे. कंट्रोल-डब्ल्यू नॉर्मल मोडमध्ये खिडक्यांच्या आज्ञा सुरू करतं, इन्सर्ट मोडमध्ये कर्सरच्या आधीचा शब्द पुसतं. म्हणून मदतीत त्यांच्या नोंदीच वेगळ्या. इन्सर्टमधल्या कळेच्या आधी 'आय' आणि अंडरस्कोर लावतात. ब्राउझरमधल्या एडिटरात हीच कळ दाबली तर बहुतेक वेळा टॅबच बंद होतो. तेव्हा मोड न सांगता नुसती कळ छापू नका.

वेर्णे, प्रोग्रामर

माझा आग्रह आहे की लिहिणाऱ्याने आधी ईमॅक्स हा एडिटर बघावा. कंट्रोल-एच आणि मग के दाबा, नंतर हवा तो शॉर्टकट दाबा. ती कळ कुठलं फंक्शन (आज्ञेमागचा कोड) चालवते आणि ते काय करतं हे तिथल्या तिथे उघडतं. फंक्शन लिहिणारा माहितीही फंक्शनच्या पोटातच लिहितो. त्या माहितीत कळ थेट टाईप करण्याऐवजी ठराविक खुणेत फंक्शनचं नाव घालायची सोय आहे. वाचणाऱ्याने सेव्हची कळ बदलली असेल तर मदतीत त्याची स्वतःची कळ दिसते, आणि कळच नसेल तर नावाने कसं चालवायचं ते दिसतं. मदतपानं जुनी पडतात ती बहुतेक कळा हाताने लिहिल्यामुळे. छापील पत्रकात हे जमणार नाही हे मान्य, पण निदान प्रत्येक कळेशेजारी आज्ञेचं नाव द्या. कळ बदलली तरी नावावरून शोधता येतं.

म्हापसा

मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर काम करतो. माझा एनव्हीडीए. शॉर्टकटचे तक्ते चित्र म्हणून टाकतात तेव्हा माझ्यासाठी ते पान कोरंच असतं. कळफलकावर सगळ्यात जास्त अवलंबून आम्ही, आणि कळांची माहिती मात्र आम्हालाच वाचता येत नाही, याचं फार वाईट वाटतं. मजकूर म्हणून लिहा. 'कंट्रोल' शब्दात लिहा, नुसती खूण नको. एनव्हीडीए-कळ (त्याच्या आज्ञांसाठी ठरवलेली कळ) आणि १ दाबल्यावर मदत सुरू होते. मग कुठलीही कळ दाबा, तिचं नाव आणि स्क्रीन रीडरमधलं काम ऐकू येतं, दुसरं काही घडत नाही. अशी बिनधोक चाचपणी प्रत्येक एडिटरात हवी. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर वापरणाऱ्यांसाठी एक: कंट्रोल-एमने टॅबच्या कळेचं काम बदलतं, मजकुरात मोकळी जागा सोडण्याऐवजी ती पडद्यावरच्या पुढच्या घटकावर नेते. आमच्यासाठी ही नोंद पहिल्या पानावर हवी.

पेडणे, शाळेतली शिक्षिका

आमच्या लॅबमध्ये मुलं टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, चालणारा नॅनो हा एडिटर वापरतात. खाली दोन ओळींत कळा कायम दिसतात, हे चांगलं. पण टोपीची खूण (^) म्हणजे कंट्रोल आणि 'एम' म्हणजे ऑल्ट, हे कुणीतरी सांगावं लागतं. आणि टर्मिनलमध्ये सवयीने कंट्रोल-एस दाबलं की पुष्कळदा पडदा गोठतो. कंट्रोल-क्यूने सुटतो. ही एक ओळ पत्रकात असती तर कितीतरी तास वाचले असते.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हापशाच्या दादांचं म्हणणं लगेच मान्य, तक्ता मजकुरातच राहील. व्हीएस कोडची एक नोंद नमुन्यादाखल:

'कंट्रोल आणि स्लॅश (इनस्क्रिप्टमध्ये "य"ची कळ). आज्ञा: ओळीची टिप्पणी (कोडमधली, संगणक न चालवणारी ओळ) चालू-बंद. कर्सर त्या ओळीत कुठेही चालेल. अनेक ओळी निवडल्या असतील आणि त्यातली एक जरी टिप्पणीबाहेर असेल तर सगळ्या टिप्पणीत जातात. सगळ्याच आत असतील तर बाहेर येतात. काहीच झालं नाही तर खाली उजव्या कोपऱ्यात फाईलची भाषा पाहा. साधा मजकूर असेल तर टिप्पणीची खूणच ठरलेली नसते. भाषा बरोबर असेल तर कळफलक इंग्रजीवर आणून पुन्हा दाबा.'

मडगाव

नोंद आवडली. मॅकवाल्यांसाठी 'कंट्रोलच्या जागी कमांड' असं एका ओळीत उरकू नका मात्र. या नोंदीत ते बरोबर आहे, पण ओळ क्रमांकावर जायचं कंट्रोल-जी मॅकवरही कंट्रोलच राहतं. टाईप करताना पुढे काय लिहायचं याच्या सूचना मागायचं कंट्रोल-स्पेसही तसंच, आणि मॅकवर दोन भाषा बसवलेल्या असतील तर तीच कळ भाषा बदलते. माझ्याकडे मराठी आणि इंग्रजी दोन्ही आहेत. नोंदी पाठवा, एकेक दाबून बघतो आणि जिथे फरक पडेल तिथे खाली लिहून देतो.