वर्षाव करणारी पात्रं: खरी ताकद की नुसता धूर?

उत्तररात्र
मत आधीच सांगतो. एकाच वेळी शेकडो अस्त्रं सोडणं हीच ज्याची मुख्य ताकद, ते पात्र बहुतेक वेळा लेखकाच्या आळसातून आलेलं असतं. संख्या वाढली की नेम मरतो. ‘ड्रॅगन बॉल झी’ या जपानी अॅनिमे मालिकेतला लढवय्या व्हेजिटा घ्या. दोन्ही हातांनी ऊर्जेचे गोळे सोडत सुटतो, पडदा धुराने भरतो, धूर विरतो आणि समोरचा जसाच्या तसा उभा. हे इतक्यांदा झालंय की मारा सुरू झाला रे झाला की निकाल कळतो.

त्याच मालिकेत पिकोलो हा दुसरा लढवय्या अँड्रॉइड १७ या शत्रूवर गोळे सोडतो ते आठवा. एकेक गोळा नेम चुकल्यासारखा बाजूने निघून जातो. मग दिसतं, की सगळे गोळे १७ च्या भोवती हवेत थांबलेत आणि कुठूनच वाट उरलेली नाही. तो कवच उभारून वाचतो ते सोडा, पण तिथे प्रत्येक गोळ्याला ठरलेली जागा होती.

गेममध्येही तेच. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (१९७८) पडद्यावर तुमची एका वेळी एकच गोळी असते. ती लागेपर्यंत किंवा वर निघून जाईपर्यंत दुसरी सुटत नाही. ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये (१९९१) रियू या लढवय्याचा एक हाडोकेन, म्हणजे हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा, पडद्यावर असताना दुसरा निघत नाही. त्या एका गोळीला किंमत आहे ती या बंधनामुळेच.

खजिनदार
साफ असहमत. ‘फेट/स्टे नाइट’ या जपानी गेममधला (२००४) राजा गिल्गमेश तुम्ही सोडलात कसा? जगातल्या नावाजलेल्या शस्त्रांची मूळ रूपं त्याच्या खजिन्यात आहेत आणि तो ती हातात न धरता फेकतो. कारण समोरच्यासाठी तलवार उचलणं हाच त्याला स्वतःचा अपमान वाटतो! त्याचा गर्व दाखवायला वेगळा संवाद लागत नाही, तो मारा पुरतो.

आणि त्याच सवयीत त्याचा घात आहे. आधीची कथा सांगणाऱ्या ‘फेट/झीरो’मध्ये बर्सर्कर हा योद्धा ती फेकलेली शस्त्रं हवेत झेलून त्याच्याविरुद्धच वापरतो. पुढे ‘स्टे नाइट’चा नायक शिरो त्याला हरवतो. शिरो जादूने उभं करतो त्या जगात तलवारी आधीच जमिनीत रोवलेल्या असतात, गिल्गमेशला मात्र खजिन्याचं दार उघडून एकेक काढावी लागते. फरक क्षणभराचा, पण तेवढा पुरतो. इतकं विचारपूर्वक बांधलेल्या माऱ्याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

उत्तररात्र
@खजिनदार, हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. गिल्गमेश लक्षात राहतो तो त्या वर्षावाला उत्तर सापडतं म्हणून. व्हेजिटाच्या माऱ्याला उत्तर शोधावंच लागत नाही, समोरचा नुसता उभा राहतो.

ठिपका
तुम्ही दोघं मारा करणाऱ्याकडूनच बोलताय. तो चुकवणाऱ्याचं काय?

‘तोहो’ खेळून बघा. झुन या एकट्या माणसाने उभी केलेली, गोळ्या चुकवण्याच्या गेमची मालिका. पडदा गोळ्यांनी फुलतो, पण तुमच्या पात्राच्या अंगावरचा एक बारीक ठिपकाच काय तो मार खातो. केस, झगा, बाह्या यांना गोळी चाटून गेली तरी चालतं, उलट त्याचे गुण मिळतात. म्हणजे पळू नका, जवळून जा, असं गेमच सांगतो. २००२ च्या भागातली साकुया ही शत्रू वेळ थांबवते, थांबलेल्या वेळात सुऱ्या मांडते आणि मग वेळ सोडते. पहिल्यांदा वाटतं, यातून वाट असूच शकत नाही. पण वाट असते! तिथे प्रत्येक मोठ्या माऱ्याला स्वतःचं नाव आहे, आणि खेळणारे तो नावाने ओळखतात. शेकडो गोळ्या असूनही एकही वायफळ नाही. संख्या वाढली की नेम मरतो, हा दावा इथे टिकत नाही.

कॅसेटवाला
आणि ‘काँट्रा’ हा जुना गोळीबाराचा गेम? त्यात एस अक्षराची बंदूक मिळाली की पंख्यासारख्या पाच गोळ्या सुटायच्या. लांबून अर्धा पडदा साफ, आणि बॉसला, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूला, चिकटून उभं राहिलं की पाचही एकाच जागी. एल बंदुकीचा लेझर जोरदार, पण घाईने पुन्हा बटण दाबलं की आधीचा तुटायचा. घरातल्या गेमवर एस सोडून एल घेणारं कुणी मी पाहिलेलं नाही. वर्षावाची मजा साधी असते, तिला तत्त्वज्ञान कशाला?

उत्तररात्र
@कॅसेटवाला, बॉसला चिकटून उभं राहावं लागतं हे तुम्हीच लिहिलंत. पूर्ण मारा हवा तर जीव धोक्यात घाला, हाच सौदा मला हवाय. ‘ओव्हरवॉच’ हा नेमबाजीचा गेम २०१६ मध्ये आला तेव्हा त्यातली फराह क्षेपणास्त्रांचा वर्षाव करताना हवेत जागच्या जागी लटकायची. नेमबाजाला याहून सोपं लक्ष्य नाही. भिंतीजवळ सोडला तर स्वतःच्याच स्फोटात मरायची. म्हणून तो वर्षाव कधी करायचा हे कळणं म्हणजे फराह खेळता येणं.

@ठिपका, साकुया मान्य, पण ती शत्रू आहे. ती खेळणाऱ्याच्या हातात देताना गेमलाही बंधनं घालावी लागतात.

ठिपका
मग शत्रूचा वर्षाव तुमच्या नियमातून वगळा. तुम्ही सुरुवात सगळ्याच पात्रांवर केली होती.

खजिनदार
सौद्याचाच हट्ट असेल तर महाभारत घ्या. खांडववनाच्या वेळी अर्जुनाला गांडीव आणि न संपणारे भाते मिळतात, आणि तो इंद्राचा पाऊस बाणांनी अडवतो. तिथे अर्जुनाला काय किंमत मोजावी लागली? काहीच नाही. तरी तो प्रसंग थरारक आहे. किंमत येते ती थेट मौसलपर्वात. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर लुटारू तुटून पडतात आणि न संपणारे बाण संपतात. तो धनुष्याने मारत राहतो, पण स्त्रियांना वाचवू शकत नाही. आधीचा वर्षाव अमर्याद होता म्हणूनच हे इतकं लागतं. प्रत्येक लढाईत हिशेब मागितलात तर असा शेवट लिहिताच येणार नाही.